वर्गात चुळबुळ, घरी शांत

प्रश्न : आम्ही निपाणीचे, घरी मराठी. मुलगा दुसरीत, कन्नड माध्यमात. 'जागेवर बसत नाही, तपासून घ्या,' असं बाई म्हणतात. घरी मात्र तो तासभर गोष्ट ऐकतो. काय करावं?

उत्तर : तपासणी जरूर करा, पण घाईनं शिक्का बसू देऊ नका. एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता या विकाराच्या, निदानासाठी लक्षणं 12 वर्षांच्या आधी सुरू झालेली, किमान 6 महिने टिकलेली आणि घर, शाळा अशा दोन तरी ठिकाणी दिसावी लागतात. चुळबुळ फक्त वर्गात असेल तर आधी भाषेचा ताण पाहा, कानही तपासा. तपासणीतली प्रश्नावली बाईंनी कन्नडमधून आणि तुम्ही मराठीतून भरावी. मुलाशी तज्ज्ञांनी मराठीतच बोलावं, हा आग्रह सोडू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंत ही तपासणी मोफत होते. आजोळीही तो असाच अस्वस्थ असेल, तर मात्र भाषेकडे बोट दाखवून थांबू नका.