अंग ओलं असतानाच मलम

पोरी, तुझ्या लेकाच्या कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत लाल, खरखरीत चट्टे उठतात, तो इसब. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही, म्हणून त्याला कुणापासून दूर ठेवू नकोस. अशा कातडीत ओल टिकत नाही. ती राखणं हेच आपलं रोजचं काम.

अंघोळ कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटांत उरक. थंडीत कढत पाणी सुखाचं वाटतं, पण ते अंगचं तेल धुऊन नेतं आणि खाज वाढवतं. कातडीचा सामू 5.5च्या आसपास असतो, साध्या साबणाचा 9 ते 10. म्हणून बिनवासाची, सौम्य वडी घे. तीही काख, जांघ, पाय एवढ्यालाच. उटण्याने घासू नकोस, पाण्यात जंतुनाशकही घालू नकोस.

अंग टॉवेलने टिप, खसाखसा पुसू नकोस. दोन-तीन मिनिटांत, ओलसर अंगावरच व्हॅसलीन किंवा डॉक्टरांनी सांगितलेलं क्रीम लाव. खोबरेलही चालतं, राईचं तेल मात्र नको. लव ज्या दिशेला झुकते त्याच दिशेने हलका हात फिरव. रात्री झोपताना पुन्हा लाव. तुझ्या टाचांच्या भेगांना आपलं कोकणातलं भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, चांगलं. घट्ट गोळा तळव्यावर चोळलास की विरघळतो.

नखं कापलेली ठेव. खाज सुटली की ओलं, गार फडकं ठेव. स्वेटरच्या आत मऊ सुती सदरा घाल. घाम आला की धुऊन मलम पुन्हा लाव. तुझ्या हातांना भांड्यांची पावडर सोसत नसेल, तर सुती मोज्यांवर रबरी मोजे घाल.

डॉक्टरांनी स्टेरॉइडचं मलम दिलं तर घाबरू नकोस. ते सांगतील तितकेच दिवस, सुजलेल्या जागीच लाव. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या एका पेराइतकं मलम त्याच्याच दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. पण दुकानात विचारून कुठलीही ट्यूब आणू नकोस. तो चट्टा नायटा निघाला, तर स्टेरॉइडने आधी दबल्यासारखा दिसतो आणि मग पसरतो.

कुणी म्हणेल दूध सोड, कुणी म्हणेल अंडं बंद कर. डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढत्या मुलाचं ताट रिकामं करायचं नाही. चट्टा पाझरू लागला, पिवळी खपली धरली, दुखरे फोड आले किंवा ताप चढला, तर घरचे उपाय थांबव आणि त्याच दिवशी दवाखाना गाठ.

आणि चट्टे मावळले म्हणून हात आखडू नकोस. बरी दिसणारी कातडीही आतून कोरडीच असते. व्हॅसलीन किंवा साधं क्रीम तेव्हाही दोन वेळा लावायचंच. इसब मुळासकट जाईल असं वचन कुणी देऊ नये, पण या नेमाने पोर रात्री शांत झोपेल.