बागाइतदारांच्या बैठकींतील मतभेद

सांगोला तालुक्यांत डाळिंबाचे बागाइतदार एकत्र बसले म्हणजे बहराची गोष्ट निघाल्यावांचून राहत नाहीं, आणि ती निघाली कीं आवाज चढतात. एक म्हणतो, मृगबहर धरणें म्हणजे तेल्यास आमंत्रण. दुसरा विचारतो, हस्तबहर धरून पुढें पाणी कोठून आणावें? आमच्या मतें दोघेही आपापल्या बांधावर खरे असतात. तेल्याचे जंतु पावसाच्या उडत्या थेंबांबरोबर पसरतात, म्हणून मृगबहरास धोका अधिक. हस्तबहराचीं फळें कोरड्या हवेंत वाढतात खरीं, पण विहिरीचें पाणी फेब्रुवारी-मार्चपर्यंत पुरावें लागतें.

सबब मत देणारानें आपली जमीन मुरमाड कीं काळी, पाणी किती महिन्यांचें व छाटणी केव्हां केली हें आधीं सांगावें. एवढ्यानें बराचसा वाद विरतो.

ज्याची बाग तेल्यानें गेली त्यास "फवारणी वेळेवर केली नसेल" असें चारचौघांत म्हणणें मात्र आम्हांस फार गैर वाटतें. असा मनुष्य एकदां हिणवला गेला कीं पुढील खेपेस फळावरील डाग लपवितो, आणि शेजाऱ्यास खबर लागते ती रोग त्याच्या बागेंत शिरल्यावर. शंका असेल तर त्यास एकीकडे घेऊन विचारावें.

डाग कशाचा यावरच तंटा असेल, तर सोलापूर येथें २००५ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रांत विचारावें. तेथें दोघांनींही बरोबर जावें. एकट्यानें आणलेला निकाल दुसरा सहसा मानीत नाहीं.