आनाने कित्ता गिरवला

दवाखान्यात रोग्यांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती सिस्टर तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिल्या असतील. काही सिस्टर शाळेत शिकवतात. त्या लोकांत वावरतात, बाजारात दिसतात, एस.टी.तही भेटतात. पण ख्रिस्ती धर्मात दुसऱ्याही एका प्रकारच्या व्रतस्थ बाया आहेत. त्या मठाच्या भिंतीआड राहतात. एकदा आत गेल्या की सहसा बाहेर येत नाहीत. देवाची प्रार्थना अन् हाताचे काम, हेच त्यांचे आयुष्य. आपल्या शेजारी गोव्यात अशा बायांचा एक मठ 1606 साली निघाला. जुन्या गोव्यात सांता मोनिका नावाची त्याची मोठी इमारत अजून उभी आहे.

तुम्ही विचाराल, भिंतीआड बसून या बाया दिवसभर करतात तरी काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधायला आपण युरोपातल्या स्पेन देशात जाऊ. साडेचारशे वर्षे मागे जाऊ. तेथे आविला नावाचे गाव आहे. गावाभोवती दगडी तट आहे. या गावच्या तेरेसाबाईंनी कार्मेल पंथाच्या बायांच्या मठाला नवे वळण लावले. ते वळण पुढे दूरदूरच्या देशांत गेले.

तेरेसाबाईंचा जन्म 1515 सालचा. घर खाऊनपिऊन सुखी. विशीत त्या आविलाच्या एका मोठ्या मठात गेल्या. तेथे शंभरावर बाया होत्या. मठ देवाचा खरा, पण तेथेही श्रीमंत अन् गरीब होतेच. मोठ्या घरच्या बाईला स्वतंत्र खोल्या. गरिबाघरच्या बायांनी एका दालनात दाटीने झोपायचे. मोठ्या घरच्या बाईला 'दोन्या' म्हणायचे. दोन्या म्हणजे आपल्याकडे बाईसाहेब म्हणतात तसे. तेरेसाबाईंना स्वतःलाही वेगळ्या खोल्या होत्या. पण त्यांच्या मनाला हे रुचेना. देवाच्या दारात बाईसाहेब कोण अन् मोलकरीण कोण?

शेवटी 1562 साली त्यांनी त्याच गावात एक लहानसा मठ काढला. सुरुवातीला चारच बाया. पुढेही तेरांच्या वर घ्यायच्या नाहीत, असे ठरले. मठाला जमीन नाही, वतन नाही. हाताने काम करायचे आणि लोक जे देतील त्यावर भागवायचे. हे ऐकून गावचे कारभारी खवळले. उद्या या बायांना पोसायचे कुणी? मठ मोडा, असे म्हणत ते सरकारदरबारी गेले. आम्हांला त्या कारभाऱ्यांचा फार राग येत नाही. गावात खाणारी तोंडे वाढली की कारभाऱ्याला चिंता पडणारच. पण बाया मागे हटल्या नाहीत अन् मठ टिकला.

त्या मठाचे नियम तेरेसाबाईंनी लिहून ठेवले. ते वाचले की आतला दिवस डोळ्यांपुढे उभा राहतो. उन्हाळ्यात पाचला उठायचे, थंडीत सहाला. उठल्यावर एक तास मुकाट्याने प्रार्थना. संध्याकाळी आणखी एक तास. मधल्या वेळेत ठरलेल्या वेळी सगळ्यांनी मिळून लॅटिन भाषेतली स्तोत्रे म्हणायची. बाकीचा वेळ आपापल्या खोलीत काम. काम बहुधा सूत कातण्याचे. फार नाजूक, कलाकुसरीचे काम घ्यायचे नाही. का? तर सगळे लक्ष त्यातच गुंतते, देवाकडे राहत नाही. केलेल्या कामाच्या पैशासाठी घासाघीस करायची नाही. देतील ते घ्यायचे. परवडत नसेल तर ते काम पुन्हा घ्यायचे नाही. अंगावर जाडेभरडे कापड, पायांत दोरीच्या चपला, झोपायला गवताची गादी. आजारी नसेल तर मांस खायचे नाही.

बोलणे बेताचे. रात्रीच्या प्रार्थनेनंतर तर सकाळपर्यंत तोंड बंद. पण जेवण झाल्यावर सगळ्याजणी एकत्र बसत. हातात चाती असे, अन् गप्पा चालत. तेरेसाबाईंना रडवेल्या तोंडाची भक्ती आवडत नसे. त्या मठात गाणी होत, हसणे होई.

आणि झाडलोट? झाडण्याची पाळी लावायची, तर यादीत पहिले नाव मठाच्या मदरचे! मदर म्हणजे मठातली सर्वांत थोर बाई. हा नियम आम्हांला सगळ्यांत जास्त आवडला. 'दोन्या' हा शब्द तर त्यांनी मठातून हद्दपारच केला.

भेटायला आलेल्या माणसाशी गजाच्या खिडकीतून बोलायचे. सामानासाठी भिंतीत लाकडी फिरते फडताळ असे. बाहेरच्याने आत भाजी ठेवायची, फडताळ फिरवायचे. भाजी आत पोचे, माणूस दिसत नसे.

आता पुस्तकांची गोष्ट. स्पेनमध्ये 1559 साली धर्माच्या अधिकाऱ्यांनी कितीतरी पुस्तकांवर बंदी घातली. लोकांच्या बोलीतली धर्माची पुष्कळ पुस्तके त्यांत गेली. लॅटिनमधली राहिली, पण बायांना लॅटिन कुठे येत होते? तेरेसाबाईंना फार वाईट वाटले. मग त्यांनीच आपल्या बोलीत लिहायला घेतले. मठातल्या बायांसाठी लिहिले. आपल्या ज्ञानेश्वरांनीही गीतेचा अर्थ संस्कृतातून मराठीत आणला, तो लोकांना कळावा म्हणूनच. मठात चांगली पुस्तके ठेवणे हे मदरचे काम, असाही नियम तेरेसाबाईंनी केला.

पण एक गोष्ट आम्हांला खटकते. ज्यांना लॅटिन स्तोत्रे वाचता येत, त्या डोक्यावर काळे कापड घेत. ज्यांना येत नसे, त्यांना पांढरे कापड. पांढऱ्या कापडाच्या बायांनी स्वयंपाक करायचा, जड कामे करायची. मठाच्या कारभारात त्यांना मत नसे. म्हणजे श्रीमंत-गरीब हा भेद दाराबाहेर ठेवला, पण शिकलेली अन् अडाणी हा भेद आत आलाच.

याच मठात 1570 साली आना नावाची मुलगी आली. ती शेतकऱ्याची पोर, जन्म 1549 चा. लहानपणीच आईबाप वारले. भावांनी तिला मेंढ्या राखायला धाडले. पुढे तिचे लग्न करावे, असे भावांच्या मनात होते. तिने ऐकले नाही. मठात तिला पांढरे कापड मिळाले. ती चुलीपाशी राबे, आजाऱ्यांची सेवा करी.

1577 च्या नाताळच्या आदल्या रात्री तेरेसाबाई जिन्यावरून पडल्या. डावा हात मोडला, तो पुरता बरा झालाच नाही. तेव्हापासून त्यांना कपडे घालणे, त्यांचे सगळे पाहणे आनाकडे आले. तेरेसाबाईंनी तोवर बरेच मठ काढले होते. मरेपर्यंत सतरा झाले. सगळीकडून पत्रे येत. त्या रात्री उशिरापर्यंत उत्तरे लिहीत बसत.

त्या एकदा म्हणाल्या, तुला लिहिता येत असते तर मला किती मदत झाली असती. आना म्हणाली, मग मला कित्ता घालून द्या. दुसऱ्या एका बाईचे अक्षर सुरेख होते. तिचा कित्ता घे, असे सांगितले, तर आना म्हणाली, नको, मला तुमचेच अक्षर हवे. तेरेसाबाईंनी दोन ओळी लिहून दिल्या. आनाने त्या गिरवल्या अन् त्याच दिवशी पत्र लिहिले, असे सांगतात. आम्ही पडलो मास्तर, एका दिवसात अक्षर येते हे आम्हांला पटत नाही. तिला आधी थोडेफार वाचता येत असावे. पण ती लिहायला शिकली, हे मात्र खरे. तेरेसाबाईंच्या पत्रांच्या कामात ती हाताशी आली.

1582 साली प्रवासात तेरेसाबाई आजारी पडल्या. ऑक्टोबरात आनाच्या हातांवर डोके ठेवून त्यांनी प्राण सोडला.

पुढे 1604 साली काही बाया फ्रान्स देशात मठ काढायला निघाल्या. त्यांत आना होती. तेथल्या वरिष्ठांनी तिला काळे कापड घ्यायला लावले. तिला ते नको होते. चुलीपाशीच राहू द्या, असे तिचे म्हणणे. पण ऐकणार कोण? मेंढ्या राखणारी आना मठाची मदर झाली. 1612 साली तिने आजच्या बेल्जियममधल्या अँटवर्प शहरात नवा मठ काढला. तेथेच 1626 साली ती वारली.

काळे-पांढरे हा भेद त्यानंतरही साडेतीनशे वर्षे चालला. 1965 साली रोमच्या धर्मसभेने सांगितल्यावर तो मोडला. तेरेसाबाईंना 1970 साली पोपनी धर्माच्या आचार्य ही पदवी दिली. त्याआधी एकाही बाईला ती मिळाली नव्हती. आनाने आपली जीवनकथा लिहून ठेवली आहे. तिने लिहिलेली पत्रेही शेकड्यांनी शिल्लक आहेत.