एकसरचे वीरगळ आणि इतिहासाचा तास

इतिहासाची साधने भौतिक, लिखित व मौखिक अशी तीन प्रकारची असतात, हे बालभारतीच्या पाठ्यपुस्तकात वाचून विद्यार्थी परीक्षेत अचूक लिहितात. परंतु एखाद्या साधनासमोर उभे राहून त्यास प्रश्न विचारण्याची संधी त्यांना क्वचितच लाभते. मुंबई उपनगरातील शिक्षकांस त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. बोरिवली पश्चिमेस एकसर येथे शिलाहारकालीन मानले जाणारे सहा वीरगळ आहेत.

वीरगळ म्हणजे युद्धात कामी आलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेली शिळा. तिच्यावरील कप्पे खालून वर वाचावयाचे असतात: तळाशी लढाई, वर वीरास स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा आणि शिरोभागी शिवलिंगाची पूजा. एकसरच्या काही शिळांवर वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजे कोरली आहेत. समुद्रावरील लढाई दाखविणारे असे वीरगळ विरळाच.

येथे शिक्षकाने माहिती सांगण्याची घाई करू नये. मुलांनी आधी जहाजे, वल्ही, शस्त्रे पाहावीत, मोजावीत, वहीत रेखाटावीत. मग प्रश्न उभा राहतो, ही लढाई कोणाची? शिळा त्याचे उत्तर देत नाही. उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर व देवगिरीचा महादेव यादव यांच्यात इ. स. १२६५ च्या सुमारास झालेली ती लढाई असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. सोमेश्वर समुद्रात बुडाला, असे हेमाद्रीने ‘चतुर्वर्गचिंतामणी’तील राजप्रशस्तीत म्हटले आहे. पण हेमाद्री महादेवाचाच अधिकारी! धन्याचा विजय तो कसा रंगवील, हे आठवीतल्या मुलासही उमगते. म्हणून प्रशस्ती टाकाऊ ठरत नाही; ती कोणी व कोणासाठी लिहिली, हे ध्यानात ठेवून वाचावी लागते. हाच प्रसंग एखाद्या शिलाहार कवीने कसा लिहिला असता, असे वर्गात विचारून पाहावे.

जवळच्या मंडपेश्वर लेण्यात प्रश्न अधिक नाजूक होतो. मूळचे हे शैव लेणे. आत नटराजाचे शिल्प आहे. १५३४ च्या वसईच्या तहाने हा मुलूख पोर्तुगिजांकडे गेल्यावर पुढे त्याचे ख्रिस्ती प्रार्थनास्थळ झाले. एका भिंतीवर कोरलेला क्रूस व माथ्यावरील इमारतीचे अवशेष त्याची साक्ष देतात. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत साष्टी मराठ्यांनी जिंकली. आज येथे पुन्हा शिवपूजा होते.

‘शिल्पे कोणी मोडली?’ हा प्रश्न मुले विचारणारच, आणि शिक्षकाने तो टाळू नये. मात्र त्याच बाकावर बसलेला ईस्ट इंडियन मुलगा सोळाव्या शतकातील सत्तेचा प्रतिनिधी नव्हे. त्याचे पूर्वजही बहुधा याच साष्टीच्या गावांतले. आज्ञा कोणाची होती, गावकऱ्यांस त्यात कितपत मत होते, नटराज कसा टिकला, असे पुढचे प्रश्न विचारले की दोषारोप मागे पडून शोध सुरू होतो.

अशा भेटीनंतर वहीत तीन रकाने आखून घ्यावेत: प्रत्यक्ष पाहिलेले, अनुमानाने ठरविलेले आणि लोकांकडून ऐकलेले. अडचण उरते ती गुणांची. ‘यावरून हे सांगता येत नाही’ असे सकारण लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास आजच्या तपासणीत बहुधा शून्य मिळते. शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनात तरी त्यास पूर्ण गुण देण्याची मोकळीक मुख्याध्यापकांनी शिक्षकांस द्यावी.