प्रौढ साक्षरता आणि पाओलो फ्रेअरे यांची पद्धती

आपल्या विहारांतून प्रौढ साक्षरतेचे वर्ग उत्साहाने सुरू होतात आणि पुष्कळदा महिन्याभरात ओस पडतात. मग ‘लोकांना गोडी नाही’ असे म्हणून आपण मोकळे होतो. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाओलो फ्रेअरे (१९२१-१९९७) यांनी हा दोष शिकणाऱ्याला न देता शिकविण्याच्या रीतीला दिला. दिवसभर राबून आलेल्या माणसापुढे परक्या शब्दांचे पुस्तक ठेवले, तर त्याचे मन त्यात रमणार कसे?

सन १९६३ मध्ये ईशान्य ब्राझीलमधील आंजिकोस येथे त्यांच्या पद्धतीने सुमारे ३०० श्रमिकांना ४० तासांत लिहिण्या-वाचण्यास शिकविण्यात आले. ती पद्धती थोडक्यात अशी :

१) प्रथम वस्तीत बसून लोकांच्या रोजच्या बोलण्यातील शब्द टिपावेत.

२) निवडलेल्या शब्दाचे चित्र दाखवून चर्चा करावी. उदा. ‘तिझोलो’ म्हणजे वीट. ती कोण घडवितो? तिचे घर कोणाला मिळते?

३) नंतर शब्द फोडून प्रत्येक अक्षराची बाराखडी मांडावी : ता-ते-ती-तो-तू, ला-ले-ली-लो-लू. ही अक्षरे जुळवून शिकणाऱ्याने स्वतः नवे शब्द करावेत. त्यांतूनच ‘लुता’ हा शब्द निघतो. त्याचा अर्थ लढा!

मराठीतही ‘वीट’ या शब्दापासून वाट, वाटी, वाटा हे शब्द पहिल्याच दिवशी करता येतात. आपला ‘वाटा’ स्वतःच्या हाताने लिहिणारा माणूस दुसऱ्या दिवशी वर्गाला आल्यावाचून राहत नाही.

त्या काळी ब्राझीलमध्ये निरक्षरांना मताधिकार नव्हता. तो १९८५ साली मिळाला. त्यामुळे अक्षरओळख ही सत्तेला धोक्याची वाटली. १९६४ च्या लष्करी उठावानंतर हा कार्यक्रम बंद पडला. फ्रेअरे यांना तुरुंगवास घडला व पुढे देशही सोडावा लागला.

परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली होती. पुढे संविधानाने शिक्षणाची अट न घालता प्रत्येक प्रौढास मत दिले. आपल्या आई-आजीच्या हाती मत आधी आले, अक्षर मात्र मागे राहिले.

केवळ सही शिकविणे म्हणजे साक्षरता नव्हे. बँकेत रोज दिसते की, मजकूर वाचता न येणाऱ्याची सही आणि अंगठा यांत फारसा फरक नसतो. दोघांनाही दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते. म्हणून बंधू-भगिनींनो, पुढील वर्ग सुरू करण्यापूर्वी फळ्याआधी वस्तीत जाऊ या. पाणी, मजुरी, रेशन हे तिथलेच शब्द आपले पहिले धडे होवोत. ‘शिका’ या आदेशाचे पालन त्यातूनच होईल.

जयभीम!