समुद्रकांठची दफनभूमि

ओढ्याच्या पुरानें कबर वाहून गेली, तर त्या मनुष्याचें पुनरुत्थान कसें होणार, असा प्रश्न खेड्यांतील बंधू आम्हांस पुष्कळदां विचारतात. यास्तव आज आपण इंग्लंडांतील एका दफनभूमीकडे पाहूं.

यॉर्कशरच्या किनाऱ्यावर व्हिटबी नांवाचें बंदर आहे. तेथील कड्यावर सेंट मेरीचें उपासनामंदिर उभें असून खालून १९९ पायऱ्या चढून जावें लागतें. मंदिर सुमारें १११० सालचें. परंतु तो कडा त्याहूनहि जुन्या भक्तीचा साक्षी आहे. इ. स. ६५७ त हिल्डा नामक साध्वीनें तेथें मठ स्थापिला, व ६६४ त पुनरुत्थानाचा सण केव्हां पाळावा याचा निवाडा तेथेंच झाला.

त्या मठाचा कॅडमन नांवाचा एक गुराखी होता. मेजवानींत गाण्याची पाळी जवळ येतांच तो लाजून उठून जाई. एकदां असाच गोठ्यांत निजला असतां स्वप्नांत कोणी त्यास सृष्टीच्या उत्पत्तीविषयीं गावयास सांगितलें, आणि तो गाऊं लागला, असें बीड नामक इतिहासकारानें लिहून ठेविलें आहे. तें गीत विद्वानांच्या लॅटिनांत नव्हे, गुराख्याच्या मायबोलींत होतें. (भजन म्हणावयास संकोचणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.) १८९८ त त्याच्या स्मरणार्थ या दफनभूमींत दगडी क्रूस उभारण्यांत आला.

समुद्र कड्याचा पाया खातो, हें सर्वांस दिसतें. परंतु २०१२ च्या अखेरीस घाव बसला तो वरून. अतिवृष्टीचें पाणी उतारांत मुरलें, दरड कोसळली, आणि मनुष्यांचीं हाडें खालीं येऊं लागलीं. तीं गोळा करून पुन्हां पुरिलीं. पण थडग्यावरील नांवाशीं हाडांचा मेळ कोण घालणार?

प्रकटीकरण २०:१३ वाचा. समुद्रहि आपल्यांतील मृत परत देणार आहे. पौल तर बियाचा दृष्टांत घेतो (१ करिंथ. १५:३७). पेरलेला दाणा जसाचा तसा परत मिळावा म्हणून कोणता शेतकरी जमीन उकरतो? तर मग हाडें पुन्हां पुरणें व्यर्थ होतें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. अब्राहामानें सारेच्या कबरेसाठीं ४०० शेकेल रुपें मोजून मकपेलाचें शेत घेतलें (उत्पत्ति २३), तें देवाला तिला उठवितां यावें म्हणून नव्हे. ती त्याची होती म्हणून.

ज्या मंडळींची दफनभूमि ओढ्याकांठीं आहे, त्यांनीं मृग लागण्यापूर्वीं वरच्या अंगास चर खणून पावसाचें पाणी बाजूला काढावें, व कांठाजवळ नवी कबर खणूं नये.