आधी सॉकेट, मग संगणक

नवी मुंबईत घरोघरी जाऊन संगणक दुरुस्त करणं हे माझं काम. ‘रॅम बदलली, विंडोज नव्याने टाकलं, तरी मध्येच बंद पडतो,’ असं सांगणारे लोक मला सतत भेटतात. यातली बरीच दुखणी संगणकाची नसून घरातल्या विजेची असतात. संगणकाला छळणारी ही वीज माणसाच्या जिवावरही बेतू शकते, म्हणून हे बोल.

१. बंद पडण्याची वेळ लिहून ठेवा.
संगणक किती वाजता बंद पडला आणि त्याच वेळी काय सुरू झालं, हे कागदावर टिपा: गीझर, एसी, लिफ्ट, सोसायटीचा पाण्याचा पंप. या दोन्ही वेळा पुन्हा पुन्हा जुळल्या, तर आधी विजेकडे बघा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधली ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद फक्त एवढंच सांगते, की संगणक नीट शट डाउन न होता बंद पडला. तो का पडला, याचा माग तुमच्या कागदावरून लागतो.

२. झिणझिण्या अंगावर काढू नका.
कॅबिनेटला हात लागताच मुंग्या येतात, लॅपटॉप चार्जिंगला लावला की टचपॅडवरचा बाण उड्या मारतो. ही बहुतेकदा अर्थिंग नसल्याची खूण. संगणकाच्या एसएमपीएसमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमुळे, अर्थिंग तुटलेलं असेल तर, लोखंडी कॅबिनेटवर साधारण ११५ व्होल्टपर्यंत दाब येतो. त्यातला प्रवाह अगदी थोडा असतो, म्हणून नुसत्या मुंग्या येतात. पण त्याच बोर्डावर उद्या बिघडलेलं वॉशिंग मशीन लागलं, तर अर्थिंगशिवाय ते जीव घेऊ शकतं. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच.

३. अर्थिंगची नक्कल करू देऊ नका.
सॉकेटमध्येच न्यूट्रलची वायर अर्थिंगच्या भोकाला जोडून द्यायची, अशी एक पळवाट काही जण काढतात. मल्टिमीटरवर सगळं ठीक दिसतं. मात्र ती न्यूट्रल कुठे तुटली, तर कॅबिनेटवर पूर्ण २३० व्होल्ट उतरतात. प्लगची अर्थिंगची जाड पिन कापणं किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावणं हेही तितकंच घातक.

४. व्होल्टेज लोडवर मोजा.
घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा. ६ टक्के वर-खाली धरले तर साधारण २१६ ते २४४. दुपारी सगळं बंद असताना मोजलेला आकडा फारसं सांगत नाही. गीझर आणि एसी चालू असताना इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. तेव्हा न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर कुठेतरी जोड ढिला आहे किंवा वायरिंग अपुरं आहे.

५. खाडीचा वारा लक्षात घ्या.
वाशी, नेरूळ, ऐरोली ही गावं ठाणे खाडीच्या काठावर. खारट, दमट हवेत जोडांवर गंज चढतो. तांब्याला ॲल्युमिनियम जोडलेलं असेल तर जास्तच. असा जोड तापतो आणि ठिणग्या टाकतो. सॉकेट काळवंडलं, प्लग गरम लागला किंवा बोर्डातून चरचर ऐकू आली, तर वापर लगेच थांबवा. पावसाळ्याआधी एकदा सगळे स्क्रू आवळून घेणं हा सर्वांत स्वस्त उपाय.

६. काही दिवे प्रखर, काही मंद झाले, तर मेन स्विच पाडा.
इमारतीच्या तीन फेजना सामाईक असलेली न्यूट्रल तुटली, की ज्या फेजवर लोड कमी तिथलं व्होल्टेज ४०० च्या दिशेने चढतं. संगणक, राउटर, टीव्ही काही क्षणांत जळतात. शेजाऱ्यांनाही ताबडतोब सांगा.

७. यूपीएसकडून योग्य तेवढीच अपेक्षा ठेवा.
६०० व्हीएच्या घरगुती यूपीएसची क्षमता साधारण ३६० वॉट. काम सेव्ह करून संगणक बंद करण्यापुरता वेळ त्यातून मिळतो. लेझर प्रिंटर त्यावर कधीच लावू नका. आतली १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी उष्णतेने लवकर संपते. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं. दोन-तीन वर्षांनी ती तपासा आणि यूपीएस कपाटात कोंडू नका.

८. लाइट गेल्यावर प्लग काढा.
१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी ग्रिड कोसळून मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई अंधारात गेली. लॉकडाउनमुळे तेव्हा कामं आणि शाळा घरातल्या संगणकावर चालू होत्या. वीज परत येताना सुरुवातीला दाब वर-खाली होतो. काही मिनिटं थांबून प्लग लावा. विजांचा कडकडाट सुरू होण्याआधीच तांब्याची केबल राउटरमधून काढा. फायबरमधून वीज वाहत नाही, मात्र गच्चीवरून घरात येणारा शेवटचा तुकडा अनेकदा तांब्याचाच असतो.

९. तक्रार योग्य दारी न्या.
मीटरच्या पुढचं वायरिंग आपलं, त्यासाठी परवानाधारक इलेक्ट्रिशियन. मीटरच्या अलीकडचा दोष असेल तर महावितरणचा १९१२ हा क्रमांक, आणि सोबत सोसायटीला लेखी पत्र. पहिल्या मुद्द्यातला वेळांचा कागद त्याला जोडा. नवा सुटा भाग विकत घ्यायचा तो या सगळ्यानंतर. आणि अर्थिंग तपासायचं ते संगणक ठणठणीत असला तरीही, कारण त्या बोर्डाला घरातल्या लेकराचाही हात लागतो.